नाळेच्या रक्तातल्या मूळपेशींत जनुक घालताना तिसऱ्या दिवशीचे साठ टक्के कुठे जातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाळेच्या रक्तातून सीडी३४ पेशी (पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असलेल्या पेशी, ज्यांत रक्ताच्या मूळपेशी असतात) वेगळ्या केल्या आणि जीएफपी या हिरव्या प्रथिनाचे जनुक वाहणारा लेंटिव्हायरस (पेशीच्या गुणसूत्रात जनुक जोडणारा विषाणू) त्यांना दिला. तिसऱ्या दिवशी फ्लो सायटोमेट्रीत (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या तपासणीत) ६० टक्के पेशी हिरव्या दिसल्या, चौदाव्या दिवशी १५ टक्के. त्याच पेशी उंदरांना टोचल्या, तर सोळा आठवड्यांनी मानवी पेशींत जेमतेम ३ टक्के हिरव्या उरल्या. चूक कुठे झाली आणि पद्धत कशी असावी?

ही एक चूक नाही, तीन वेगवेगळ्या गळत्या आहेत, आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. पहिली गळती म्हणजे तिसऱ्या दिवसाचा आकडा मुळात खरा नसणे. विषाणूच्या कणांबरोबर तयार जीएफपी प्रथिन पेशीत जाते, विषाणूच्या निर्मितीतले उरलेले प्लाझ्मिड (डीएनएचे गोल तुकडे) जाते, आणि गुणसूत्रात न जोडली गेलेली डीएनएची वर्तुळेही काही दिवस प्रथिन बनवत राहतात. पेशी विभागू लागल्या की हे सगळे पातळ होत जाते. दुसरी गळती प्रोमोटरची, म्हणजे जनुक चालू ठेवणाऱ्या डीएनएच्या भागाची: जनुक जागेवर असते, पण मुके होते. तिसरी सर्वांत महाग. ज्या मोजक्या पेशी पुढे आयुष्यभर रक्त बनवणार, त्यांच्यात जनुक शिरलेच नाही. ते शिरले त्यांच्या झपाट्याने विभागणाऱ्या लेकीनातींत.

कोणती गळती किती, हे ओळखायला जीएफपीसोबत पेशीमागे व्हेक्टरच्या (जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या डीएनएच्या) प्रती मोजा. चौदाव्या दिवशी प्रती टिकल्या आणि हिरवेपणा गेला, तर प्रोमोटर बदला. दोन्ही सारखेच घसरले, तर तिसऱ्या दिवशीचा आकडा फुगलेला होता. चौदाव्या दिवसापर्यंत सगळे ठीक आणि उंदरात घसरण, तर मूळपेशी हुकल्या. तुमच्या आकड्यांत पहिली आणि तिसरी गळती असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरीबद्दल प्रती मोजल्याशिवाय बोलता येणार नाही.

रक्तापासून सुरुवात करू, कारण निम्मे प्रयोग तिथेच बिघडतात. रक्त सीपीडीच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या) पिशवीत घ्यावे. हेपॅरिन टाळावे: ते पीसीआर (डीएनए मोजण्याची चाचणी) अडवते आणि पुढे रेट्रोनेक्टिनच्या (प्लेटवर लावायच्या प्रथिनाच्या) ज्या भागाला विषाणू चिकटतो त्याच भागावर डल्ला मारते. प्रक्रिया २४ तासांत सुरू करावी, ४८ तासांपलीकडे जाऊ नये. रक्त शिळे झाले की ग्रॅन्युलोसाइट हलके होतात, फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) एककेंद्रकी पेशींच्या थरात येऊन बसतात, आणि मरताना डीएनए सोडून सगळ्याचा चिकट गोळा करतात.

रक्तात तितकेच पीबीएस (फॉस्फेट घातलेले मिठाचे द्रावण) घाला, त्यात २ मिलिमोलर ईडीटीए असावे. ५० मिलीच्या नळीत १५ मिली फायकॉल, घनता १.०७७, आणि त्यावर हळुवार ३० ते ३५ मिली पातळ केलेले रक्त. ४०० जी, ३० मिनिटे, २० अंश सेल्सिअस, ब्रेक बंद. फायकॉल फ्रीजमधून काढून लगेच वापरले तर घनता बदलते आणि थर नीट पडत नाही; आधी खोलीच्या तापमानाला आणा. वरचा पांढुरका थर काढून दोनदा धुवा, दुसरी धुलाई २०० जीवर करा म्हणजे प्लेटलेट वर राहतात. प्लेटलेट राहिल्या तर पेशींचे पुंजके होतात आणि पुढचा कॉलम (सीडी३४ पेशी चुंबकाने धरून ठेवणारी नळी) तुंबतो.

नाळेच्या रक्ताचा एक खास त्रास म्हणजे केंद्रक असलेल्या लाल पेशी. त्या फायकॉलने जात नाहीत, मोजणीत पांढऱ्या पेशी म्हणून धरल्या जातात आणि शुद्धता खाली ओढतात. अमोनियम क्लोराइडने साध्या लाल पेशी फुटतात, पण या केंद्रकवाल्या पूर्ण जात नाहीत, म्हणून शेवटचा भरवसा कॉलमवरच.

मॅग्नेटिक बीड्ससाठी दर १० कोटी पेशींमागे ३०० मायक्रोलिटर बफर, १०० मायक्रोलिटर एफसी ब्लॉक (नको तिथे चिकटणे रोखणारे) आणि १०० मायक्रोलिटर सीडी३४ बीड्स, ४ अंशांवर ३० मिनिटे. बफर म्हणजे पीबीएस, ०.५ टक्के अल्ब्युमिन, २ मिलिमोलर ईडीटीए, हवा काढून टाकलेला. बुडबुडे कॉलममध्ये अडकले की प्रवाह थांबतो. पेशी आधी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. एका कॉलमवर शुद्धता बहुधा पुरेशी मिळत नाही. मिळालेल्या पेशी दुसऱ्या ताज्या कॉलमवरून पुन्हा न्या, मग ९० टक्क्यांच्या वर जाता येते. या दुसऱ्या फेरीत काही पेशी जातात, त्या जाऊ द्या. अशुद्ध नमुन्यात विषाणू कोणी खाल्ला हे नंतर कळत नाही.

किती पेशी मिळतील? ८० मिलीच्या पिशवीत साधारण २० ते ४० कोटी एककेंद्रकी पेशी, त्यात सीडी३४ अर्धा ते एक टक्का, आणि गळती धरून हाती १० ते २० लाख. आता यातल्या खऱ्या मूळपेशी किती ते पाहा. सीडी३४ असून सीडी३८ नसलेल्या पेशी या लहान वाट्यातही उंदराच्या मज्जेत रक्त पुन्हा उभारणारी पेशी सुमारे ६०० मागे एक असते. म्हणजे तुमच्या साठ टक्क्यांची गोष्ट मुख्यतः इतरांची आहे. सीडी९० आहे, सीडी४५आरए नाही, अशा पेशींत हे प्रमाण वाढते. रोजच्या प्रयोगात एवढे बारीक वेगळे करायची गरज नाही, पण फ्लोच्या पॅनेलमध्ये सीडी३८, सीडी९० आणि सीडी४५आरए ठेवा आणि जीएफपी त्या लहान चौकटीत किती हे पाहा. एकूण ६० आणि चौकटीत २० दिसले, तर उंदराचे उत्तर आधीच कळते.

गोठवलेल्या पेशी वापरत असाल तर १० टक्के डीएमएसओमधून (गोठवताना पेशी वाचवणारे रसायन) ३७ अंशांवर पटकन वितळवा, पण पातळ सावकाश करा: पहिल्या काही मिनिटांत थेंबाथेंबाने, डेक्स्ट्रान आणि अल्ब्युमिनच्या द्रावणात. पुंजके दिसले तर डीएनेज (डीएनए तोडणारे विकर) घाला. इथे एक गंमत होते. डीएनेजला मॅग्नेशियम लागते आणि ईडीटीए ते पकडून ठेवते, त्यामुळे ईडीटीएच्या बफरमध्ये डीएनेज घालणाऱ्याला ते ‘खराब निघाले’ असे वाटते. वितळवताना ईडीटीए नसलेला आणि मॅग्नेशियम असलेला बफर घ्या.

आता संवर्धन. लेंटिव्हायरस विभागणी न होणाऱ्या पेशीतही जातो हे खरे, पण पूर्ण झोपलेल्या पेशीत जात नाही. जी-शून्य अवस्थेत डीएनए बनवायचा कच्चा माल इतका कमी असतो की विषाणूचा आरएनए डीएनएत उलटवण्याचे काम अर्ध्यावर अडते. शिवाय व्हीएसव्ही-जी (दुसऱ्या एका विषाणूचे प्रथिन) आवरणाच्या विषाणूला आत जायला एलडीएल रिसेप्टर लागतो, आणि तो झोपलेल्या पेशीवर कमी असतो. म्हणून पेशीला जाग आणायची, पण पळवायची नाही. सीरम नसलेले माध्यम, स्टेमस्पॅन किंवा एक्स-व्हिवो, त्यात एससीएफ, फ्लिट३ लिगँड आणि टीपीओ ही सायटोकाइन (पेशींना वाढीचा इशारा देणारी प्रथिने) प्रत्येकी १०० नॅनोग्रॅम प्रति मिली. पेशी मिलीला ५ ते १० लाख. वेळ १६ ते २४ तास. आयएल-३ हे आणखी एक सायटोकाइन घातले की पेशी भराभर वाढतात आणि जीएफपीचा टक्का सुंदर दिसतो, पण ती वाढ मूळपेशींना पुढच्या पायरीवर ढकलते. नाळेच्या पेशी आधीच चपळ असतात, त्यांना आयएल-३ शिवाय भागते. प्रौढांच्या रक्तात उतरवलेल्या सीडी३४ पेशींची कृती जशीच्या तशी इथे लावू नये.

कॉलमपासून टोचण्यापर्यंत एकूण ४८ तास ही मर्यादा पाळा. चौथ्या दिवसानंतर पेशींची संख्या दिसायला वाढते आणि मज्जेत रुजण्याची क्षमता मात्र ओसरत जाते. जुन्या गॅमारेट्रोव्हायरसचे दुखणे हेच होते. त्याला केंद्रकाचे आवरण विभागणीत विरघळावे लागते, म्हणून पेशींना दोन-तीन दिवस चाळवत ठेवावे लागे. १९९३ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड कोन आणि सहकाऱ्यांनी एडीए या विकराची कमतरता गर्भातच निदान झालेल्या तीन नवजात बाळांच्या नाळेतल्या सीडी३४ पेशींत गॅमारेट्रोव्हायरसने जनुक घातले आणि त्या पेशी जन्मानंतर चौथ्या दिवशी परत दिल्या. जनुक वर्षानुवर्षे टिकले, पण टी पेशींत काही टक्के आणि बाकीच्या रक्तात त्याहून फार कमी. दुरुस्त टी पेशींना जगण्यात फायदा होता म्हणून त्या साठल्या. मूळपेशी मात्र फारशा हाती लागल्या नव्हत्या. तुमच्या उंदरांतला ३ टक्क्यांचा आकडा याच घराण्यातला आहे.

विषाणूचा टायटर (मिलीमागे कार्यक्षम कण किती) कसा काढला हे प्रश्नात नाही, पण तिथे नेहमी घोळ असतो. पी२४ या विषाणूच्या प्रथिनाची चाचणी रिकामे कणही मोजते, तिच्यावरून एमओआय (पेशीमागे कार्यक्षम कण किती) काढू नये. एचइके२९३टी पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींची एक जात) विषाणूचे चढते पातळीकरण लावा आणि प्लेटच्या ज्या खणात ५ ते २० टक्के पेशी हिरव्या, त्यावरूनच हिशोब करा. समजा विषाणू घालताना खणात १ लाख पेशी होत्या, १ मायक्रोलिटर घातला आणि १२ टक्के हिरव्या आल्या: १२,००० भागिले ०.००१ मिली, म्हणजे मिलीला १.२ कोटी. ८० टक्के हिरव्या असलेल्या खणावरून काढलेला टायटर नेहमी कमी येतो, कारण एका पेशीत अनेक विषाणू गेलेले असतात आणि ती एकच मोजली जाते. हिशोबात पेशींची संख्या विषाणू घालायच्या वेळची हवी, मोजायच्या दिवशीची नव्हे.

आता त्या टायटरचा उपयोग. ३ लाख पेशी आणि एमओआय ३० म्हणजे ९० लाख कार्यक्षम कण. टायटर मिलीला १० कोटी असेल तर ९० मायक्रोलिटर लागतील. खणात एकूण ३०० मायक्रोलिटर असेल, तर जवळजवळ तिसरा हिस्सा विषाणूचे द्रावण आणि त्याबरोबर विषाणू ज्यांत बनवला त्या एचइके पेशींचा कचरा. पेशी मरतात ती बहुतेक वेळा विषाणूने नाही, या कचऱ्याने. टायटर ३० कोटी असेल तर ३० मायक्रोलिटरमध्ये काम होते. म्हणून विषाणू गाढ करून घ्या, ०.४५ मायक्रॉनने गाळून मग अल्ट्रासेंट्रिफ्यूजवर, आणि लहान लहान वाट्यांत उणे ८० अंशांवर ठेवा. वितळवून परत गोठवलेला विषाणू वापरायचा नाही.

एमओआयपेक्षा गाढपणा महत्त्वाचा, हे पुन्हा सांगण्यासारखे आहे. विषाणूचा कण पोहत नाही, नुसता थरथरत सरकतो. ३७ अंशांवर तो काही तासांत निकामी होऊ लागतो आणि तेवढ्या वेळात अर्धा-एक मिलिमीटरच जातो. खणात पाच मिलिमीटर उंच द्रव ठेवला तर वरचा सगळा विषाणू तळच्या पेशीला न भेटताच मरतो. तोच एमओआय, पण पातळ थरात, म्हणजे दुप्पट निकाल.

रेट्रोनेक्टिन याच अडचणीवरचा तोडगा: फायब्रोनेक्टिनचा तुकडा, ज्याच्या एका भागाला विषाणू आणि दुसऱ्याला पेशी चिकटते. २४ खणांची प्लेट घ्या, पण पेशी चिकटाव्यात म्हणून प्रक्रिया केलेली नको. नेहमीची कल्चर प्लेट घेतली की थर नीट बसत नाही, आणि हे प्लेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरात असल्याने भल्याभल्यांकडून राहते. एका खणाचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंटिमीटर. मिलीला ५० मायक्रोग्रॅमचे ४०० मायक्रोलिटर घातले की चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोग्रॅम होते. खोलीच्या तापमानाला दोन तास किंवा ४ अंशांवर रात्रभर, मग काढून २ टक्के अल्ब्युमिन अर्धा तास, मग पीबीएसने एकदा धुणे. खण कोरडा पडू देऊ नका. रेट्रोनेक्टिन असेल तर पॉलिब्रीन (विषाणू पेशीला चिकटायला मदत करणारे रसायन) घालू नका. ते त्याच्या कामात अडथळा आणते आणि सीडी३४ पेशींना विषारी आहे. काही घालायचेच असेल तर प्रोटामिन सल्फेट ४ ते ८ मायक्रोग्रॅम प्रति मिली.

खणात ३ लाख पेशी, ३०० मायक्रोलिटर, सायटोकाइन तेच, आणि विषाणू. आजूबाजूचे रिकामे खण निर्जंतुक पाण्याने भरा, नाहीतर एवढा थोडा द्रव रात्रीत आटतो. १६ ते २० तासांनी थांबवा. दुसऱ्यांदा विषाणू देण्याने आकडा वाढतो, पण एक दिवस जातो. माझ्या मते नाळेच्या पेशींसाठी एकच गाढ फेरी बरी.

एवढे करूनही मूळपेशी दाद देत नसतील, तर मदतनीस रसायने आहेत. पोलोक्सॅमर मिलीला १ मिलिग्रॅम आणि प्रोस्टाग्लँडिन ई२ १० मायक्रोमोलर, दोन्ही मिळून चांगले चालते. सायक्लोस्पोरिन एचचा परिणाम वेगळ्या जागी होतो. मूळपेशींत आयएफआयटीएम३ नावाचे संरक्षक प्रथिन मुळातच भरपूर असते, ते व्हीएसव्ही-जीच्या विषाणूला एंडोसोममध्येच कोंडते. सायक्लोस्पोरिन एच ते प्रथिन हटवते. सगळी रसायने एकाच वेळी ओतून पाहू नका, काय उपयोगी पडले ते कधीच कळणार नाही. आणि ही वापरलीत तर एमओआय कमी करा.

पेशी काढताना होणारे नुकसान फारसे कोणी मोजत नाही. सीडी३४ पेशी तरंगतात असे आपण धरतो आणि पिपेटने वर-खाली करून खण फेकून देतो. रेट्रोनेक्टिनला मात्र त्या व्हीएलए-४ आणि व्हीएलए-५ या पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी घट्ट धरून बसतात. एंझाइम नसलेल्या डिसोसिएशन बफरने १० मिनिटे, मग दोनदा धुवा आणि फेकण्याआधी खण सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तळाला चमकणारे गोल दिसले, तर तुमचे पेरणीचे बी तिथेच आहे. धुतल्यावर मोजा, ८५ टक्क्यांहून कमी पेशी जिवंत असतील तर टोचू नका, विषाणूचा तो साठा तपासा.

मोजमाप. तिसऱ्या दिवशीचा फ्लो फक्त ‘विषाणू मेलेला नव्हता’ एवढेच सांगतो. खोटा वाटा किती हे पाहायला त्याच प्रयोगात दोन जादा खण लावा. एकात झिडोव्ह्युडिन: आरएनएचा डीएनए होणेच थांबते, तरी हिरवे दिसले तर ते आयते आलेले प्रथिन किंवा प्लाझ्मिड. दुसऱ्यात राल्टेग्रॅव्हिर: डीएनए बनतो पण जोडला जात नाही, त्यामुळे यात पहिल्यापेक्षा जे जास्त दिसेल ती न जोडलेल्या वर्तुळांची करामत. दोन खणांचा खर्च, आणि पहिल्या गळतीचा वाद कायमचा मिटतो.

प्रती मोजायच्या त्या १४ दिवस वाढवलेल्या पेशींत. व्हेक्टरचा एक भाग आणि अल्ब्युमिनसारखे दोनच प्रती असणारे मानवी जनुक, दोन्ही एकाच नमुन्यात मोजा. गुणोत्तर गुणिले दोन म्हणजे पेशीमागे प्रती. मानवी पेशीत ६.६ पिकोग्रॅम डीएनए, म्हणून १०० नॅनोग्रॅममध्ये सुमारे १५,००० पेशी येतात. मोजणी पटते का ते पॉइसॉन या संख्याशास्त्रातल्या सूत्राने तपासा. ३० टक्के हिरव्या असतील तर सरासरी ०.३६ प्रत अपेक्षित, ६० टक्क्यांना ०.९२, ९० टक्क्यांना २.३. ३० टक्के हिरव्या आणि प्रती २ आल्या, तर एक तर प्रोमोटर मुका झाला आहे किंवा प्लाझ्मिड उरले आहे. प्लाझ्मिडवर असणाऱ्या अँपिसिलिनरोधक जनुकाचा पीसीआर लावून दुसरी शंका मिटवा. सरासरी पाचच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक जादा प्रत म्हणजे गुणसूत्रात आणखी एक घाव. एक्स-गुणसूत्राशी जोडलेल्या एससीआयडीच्या (जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याच्या आजाराच्या) पॅरिसमधल्या उपचारात व्हेक्टर एलएमओ२ जनुकाजवळ बसून रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हापासून स्वतःचा एलटीआर (जनुके चेतवू शकणारा टोकाचा भाग) निष्क्रिय करणारे व्हेक्टर वापरणे हा शिरस्ता झाला आहे.

प्रोमोटरचे थोडक्यात: सीएमव्ही रक्तपेशींत मुका होतो, तो असेल तर दुसरी गळती तीच. एसएफएफव्ही जोरकस आहे पण शेजारची जनुकेही चेतवतो, म्हणून प्रयोगशाळेपुरता. पीजीके किंवा ईएफ१-अल्फाची लघु आवृत्ती मंद असली तरी टिकते. आणि आत घालायचा तुकडा लांबत गेला की टायटर पडतो, हे आराखड्याच्या वेळीच लक्षात घ्या.

वसाहतींची चाचणी लावा: ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये ३०० ते ५०० पेशी, मिथाइलसेल्युलोज, १४ दिवस, शेजारी पाण्याची डिश. मिथाइलसेल्युलोज पिपेटने मोजता येत नाही, बोथट सुईच्या सिरिंजने घाला. विषाणू न दिलेल्या डिशपेक्षा वसाहती निम्म्याहून कमी आल्या, तर विषाणूची मात्रा किंवा कचरा जास्त झाला. चाळीसेक वसाहती एकेक उचलून पीसीआर करा. किती टक्के वसाहतींत व्हेक्टर आहे हा आकडा सरासरी प्रतीपेक्षा अधिक प्रामाणिक असतो, कारण सरासरीत दहा प्रती असलेल्या थोड्या पेशी बाकी सगळ्यांची उणीव झाकतात.

उंदरांत एनएसजी ही प्रतिकारशक्ती नसलेली जात, २ ग्रे किरण, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शेपटीच्या शिरेतून १ लाख पेशी. सोळा आठवडे थांबा. पण मज्जेतल्या सगळ्या मानवी सीडी४५ पेशींचा जीएफपी एकत्र वाचू नका. या उंदरांत सीडी१९ असलेल्या बी पेशींचे राज्य असते, आणि त्या सुरुवातीच्या पूर्वजांनी मागे ठेवलेल्याही असू शकतात. सीडी३३ असलेल्या मायलॉइड पेशी (पांढऱ्या पेशींची दुसरी शाखा) अल्पायुषी असतात, म्हणून त्यांच्यातला टक्का हा आज चालू असलेल्या मूळपेशींचा. सीडी१९ मध्ये ८ आणि सीडी३३ मध्ये १ आले, तर तुमचे ३ टक्के हे मिश्रण होते. प्रतींच्या मोजणीत संदर्भ जनुकाचे प्रायमर फक्त मानवी डीएनएला बसणारे हवेत, नाहीतर उंदराचा डीएनए भागाकारात येऊन आकडा खाली पाडतो.

तुमच्या पुढच्या प्रयोगात मी हा क्रम ठेवीन: आधी त्याच विषाणूचा टायटर नव्याने, मग एका दात्याच्या पेशींवर झिडोव्ह्युडिन आणि राल्टेग्रॅव्हिरच्या खणांसह एमओआय १०, ३० आणि ५०, चौदाव्या दिवशी प्रती आणि वसाहती. उंदीर त्यानंतर, आणि तेही तीन स्वतंत्र दात्यांच्या पेशींवर. पिशव्या एकत्र मिसळल्या की संख्या भरते, पण दात्यादात्यांतला फरक झाकला जातो, आणि नाळेच्या रक्तात तो फरक मोठा असतो.